तीन दिवस इंग्लंड, तीन दिवस चिली

आमच्या सरांनी आयुष्यात एकही कविता लिहिली नाही. कवीचं आयुष्य मात्र ते आठवड्यातले सहा दिवस जगायचे. सोमवार ते बुधवार ब्रिटिश कवीचं आणि गुरुवार ते शनिवार चिलीच्या कवीचं. रविवारी ते हिंगणघाटचे असायचे, आणि त्या दिवशी म्हणे घरात कुणाशी धड बोलायचे नाहीत.

ही वाटणी मी केलेली नाही, टाइमटेबलनं केली होती. हिंगणघाटच्या आमच्या कॉलेजात एम.ए.ला त्यांचा एक पेपर असायचा, आधुनिक ब्रिटिश आणि चिलियन कवी, जीवन व शैली. पहिले तीन दिवस ब्रिटिश, पुढचे तीन चिली. जो कवी शिकवायचा तो आधी अंगात यावा लागतो, असं सर म्हणायचे, आणि तो त्यांच्या अंगात घरूनच येऊन बसलेला असायचा. मी दोन वर्षं त्यांची विद्यार्थिनी होते, पुढे चार वर्षं त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. त्यामुळे सर मला बाकावरूनही दिसले आणि स्टाफरूममधूनही. त्यांच्यावर मी भरपूर हसले आहे आणि अजून हसते. पण माझं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा त्यांनी त्यात माझ्या बाबांचं जे केलं, ते हसण्यावारी नेता येत नाही. त्यात माझाही हात आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

तर सोमवार. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, कुत्रीसुद्धा सावली सोडून हलत नाहीत, आणि सर करड्या रंगाचा लोकरी कोट घालून, हातात मिटलेली छत्री घेऊन गेटातून आत येताहेत. घामाची धार कानामागून कॉलरमध्ये. वर्गात आले की खिडकीबाहेर बघून म्हणायचे, "आज आभाळ जरा उदास आहे." बाहेर आभाळ भट्टीसारखं पेटलेलं असायचं. ब्रिटिश दिवसांत ते चहा बिनसाखरेचा घ्यायचे, आम्हाला "आपण" म्हणायचे, आणि कशाचंही कौतुक करायचं झालं तर "वाईट नाही" एवढंच म्हणायचे. एका मुलीला विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळालं तेव्हा तिलाही त्यांनी वाईट नाही म्हणून सांगितलं. दुर्दैवानं तो मंगळवार होता.

गुरुवारी हाच माणूस शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून, छातीवर तळवा ठेवून यायचा. कोट नाही, छत्री नाही. आवाज पोटातून. आम्ही "आपण"वरून एकदम "तू पोरी"वर. कॉलेजच्या वयस्क शिपायाला ते "साथी" म्हणायचे. "साथी, जनता कुठे आहे?" असं त्यांनी एकदा रिकाम्या वर्गाकडे पाहून विचारलं. शिपाई म्हणाला, "जनता क्यांटीनमदी आहे सर. बोलावू का?"

दांड्या मारायच्या तर आम्ही वार बघून मारायचो. ब्रिटिश दिवशी गैरहजर राहिलं तर सर दुसऱ्या दिवशी एक टोमणा मारून सोडून द्यायचे. चिलीच्या दिवशी ते वर्ग घेऊन थेट क्यांटीनमध्येच यायचे.

हा चिली त्यांना सापडला कुठे, ते सांगते. त्यांच्या तरुणपणी कॉलेजला कुणी तरी जुन्या पुस्तकांच्या पेट्या देणगी दिल्या. पेट्या दोन पावसाळे व्हरांड्यात पडून राहिल्या. उघडल्या तेव्हा वाचण्यासारखी दोनच जाडजूड पुस्तकं उरली होती, एक ब्रिटिश कवींचं आणि एक चिलीच्या कवींचं, दोन्ही इंग्रजीत. दोन्हींत आधी कवीचं चरित्र, मग त्याच्या शैलीवर टिपण, मग कविता, अशी रचना. कविता पातळ कागदावर होत्या, त्या वाळवीनं खाल्ल्या. चरित्रं आणि टिपणं जाड कागदावर होती, ती तिला जड गेली असावीत. सरांनी उरलेला भाग पाठ केला आणि विद्यापीठाकडे पेपरचा प्रस्ताव धाडला. अभ्यास मंडळात चिलीबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि विरोध करायचा तर आधी तसं कबूल करावं लागलं असतं. पेपर मंजूर झाला.

पुढे मोबाईल आले. कुणीही वाटेल त्या देशाची कविता दोन मिनिटांत काढून वाचावी. मी एकदा चिलीच्या एका कवीची कविता मोबाईलवर उघडून सरांपुढे धरली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत खिशात ठेवला. "कविता काय, कुणालाही सापडते," म्हणाले. "आधी माणूस सापडायला हवा." तीस वर्षं त्यांनी तो पेपर शिकवला. त्यात कवितेची पाळी शेवटच्या आठवड्यात यायची, आणि शेवटच्या आठवड्यात परीक्षेच्या सुट्ट्या लागलेल्या असायच्या.

त्यांची वाक्यं मात्र खणखणीत होती. "ब्रिटिश कवी दुःख खिशात घालतो आणि वरून बटण लावतो. चिलीचा कवी ते गच्चीवर वाळत घालतो." हे वाक्य आमच्या किमान दहा तुकड्यांनी परीक्षेत लिहिलं असेल. मीही लिहिलं, आणि छान गुण मिळाले.

पण सरांचा खरा अभिमान म्हणजे त्यांचा सिद्धांत. दोन्ही पुस्तकं इतक्या वेळा वाचून त्यांना असं दिसलं होतं, की शैली आयुष्यातून येते. एवढ्यावर थांबले असते तर कुणाची तक्रार नव्हती. सरांनी ते उलटं फिरवलं. शैली पाहिली की आयुष्य सांगता येतं. ओळ आखूड असेल तर बाप कडक. ओळ लांब असेल तर बालपण समुद्राकाठी. यमक जुळत असेल तर आईवर जीव, यमक सुटलं असेल तर घर सुटलेलं. याचा एक तक्ताच त्यांनी करून स्टाफरूमच्या कपाटाला आतून चिकटवला होता. गावात पत्रिका बघणारे गुरुजी होते, त्यांच्यापेक्षा आमचे सर जास्त ठाम बोलायचे.

त्यांच्या घरी मी जायची ते काकूंसाठी. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, बोलण्यात एकदम सरळ. दारातच विचारावं लागायचं, "काकू, आज सर कुठे?" त्या म्हणायच्या, "बुधवार नाई का आज? इंग्लंडात आहेत. वरच्या खोलीत जाऊन बसले, भाजीत तिखट झालं म्हनून." नवऱ्याबद्दल त्यांना राग नव्हता, पण भक्तीही नव्हती. एकदा म्हणाल्या, "लग्न झालं तवा हे साधेच होते व. पेटी उघडली अन् बिघडले."

सरांच्या निर्वासनाची गोष्ट काकूंशिवाय पुरी होत नाही. चिलीच्या पुस्तकात ज्याला त्याला देशाबाहेर घालवलेलं होतं. आपल्याला कुणी कुठून घालवत नाही, हे सरांना फार लागायचं. शेवटी त्यांनीच संस्थेकडे अर्ज केला, की मला कारंजा घाडगेच्या शाखेत पाठवा. संस्थेला नवल वाटलं, पण तिकडे माणूस हवाच होता. आदेश निघाला. त्यात "विनंतीवरून बदली" असं लिहिलेलं पाहून सर कार्यालयात भांडायला गेले. विनंतीवरून कुणी निर्वासित होतं का? "विनंतीवरून" हा शब्द काढा, "प्रशासकीय कारणास्तव" घाला. हेडक्लार्कनं तीन वेळा समजावलं, की सर, प्रशासकीय बदली मग तीन वर्षं मागे फिरत नाही. सरांनी ते ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांना हवं होतं ते तेच.

कारंज्याला ते महामार्गावरच्या एका ढाब्याच्या वर खोली घेऊन राहिले. तिथून आम्हा सगळ्यांना व्हॉट्सॲपवर निरोप यायचे, "माझ्या देशबांधवांनो" अशी सुरुवात करून. दर शनिवारी हा निर्वासित आठवड्याचे कपडे पिशवीत भरून एसटीनं घरी धुवायला आणायचा. तिकडे संध्याकाळी ढाब्यावर बसून ते ट्रकच्या मागे लिहिलेल्या शेरांवर सिद्धांत तपासायचे. एका ड्रायव्हरच्या ट्रकवर चार शब्दांची ओळ होती. सरांनी त्याला गाठून विचारलं, की तुझे वडील फार कडक होते आणि तू लहान असतानाच गेले, खरं ना? ड्रायव्हर म्हणाला, "मेरा बाप? वो अंदर सीट पे सो रहा है साब. उठाऊं क्या?" सरांनी वहीत नोंद केली, "अपवाद. तपासावा." हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, आणि सांगताना ते जरासुद्धा हसले नाहीत.

उन्हाळा लागला तशी त्यांना परत यायची घाई झाली. संस्था म्हणाली, प्रशासकीय आहे, थांबा. काकूंना मी म्हटलं, तुम्ही जाऊन अध्यक्षांना भेटा. त्यांनी वांग्याचं भरीत कालवता कालवता सांगितलं, "भेटली ना मी. हात जोडून सांगतलं, राहू द्या म्हनून. या सात महिन्यांत घरात एकच देश आहे, मले लय आराम आहे." सर पूर्ण तीन वर्षं काढून आले.

आता माझ्या पुस्तकाकडे येते.

आमचं गाव सिंदी रेल्वे या छोट्या शहराजवळ. बाबा तीन एकरांत भाजीपाला करतात, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. कमी बोलणारा माणूस. मला त्यांनी कधी मारलं नाही. रागावले तरी विळा घेऊन बांधावर जाऊन बसायचे आणि गवत कापून राग काढायचे. मी कविता लिहायला लागले तेव्हा माझ्याकडे मोबाईल नव्हता. संध्याकाळी बाबांचा घ्यायची आणि त्यावर टाईप करायची. जुना, अरुंद स्क्रीनचा होता. ओळ लांब गेली की मोडून खाली यायची आणि वाईट दिसायची, म्हणून मी ओळी छोट्या करत गेले. मग ती सवयच झाली. माझ्या आखूड ओळींचं एवढंच कारण आहे.

एकतीस कविता जमल्या. नागपूरच्या एका छोट्या प्रकाशकानं पुस्तक काढायचं कबूल केलं, पण कुणा प्राध्यापकाची प्रस्तावना आणा म्हणाला. मी कविता वहीत उतरवल्या आणि वही सरांना दिली. आठ महिने त्यांनी ती उघडली नाही. आधी त्यांनी मला एक छापील फॉर्म भरायला दिला. वडिलांचा स्वभाव, दीर्घ आजार, प्रेमभंग, निर्वासन, सत्तेशी संघर्ष, असे रकाने. मी लिहिलं, स्वभाव शांत, सातवीत कावीळ, प्रेमभंग नाही, निर्वासन नाही, दोन वर्षं हिंगणघाटला होस्टेल. सत्तेशी संघर्षापुढे काय लिहावं कळेना म्हणून रेषा मारली. तो सोमवार होता. सरांनी फॉर्म वाचला आणि म्हणाले, "एवढ्या भांडवलावर आपण पुस्तक काढता?"

मग प्रस्तावना आली. एकतीस कवितांना तेवीस पानं. पहिली एकवीस ब्रिटन आणि चिलीबद्दल होती. शेवटच्या दोन पानांत मी होते. "कवयित्रीचे बालपण एका कठोर, अबोल पित्याच्या धाकात करपले. त्या हाताचे वळ तिच्या ओळीओळींवर उमटले आहेत."

मी कॉलेजात जाऊन म्हटलं, "सर, बाबांनी मला कधी बोटसुद्धा लावलं नाही."

"तुला आठवत नसेल."

"सर, मी फॉर्मवर लिहिलं होतं, शांत म्हणून."

"फॉर्म तू भरलास, पोरी. ओळी खोटं बोलत नाहीत." त्यांनी कपाटाचं दार उघडून तक्त्यावर बोट ठेवलं. "एवढी आखूड ओळ लिहिणारा, ज्याचा बाप कडक नाही, असा एक कवी दाखव. दोन्ही देशांतला कुठलाही चालेल."

मी मोबाईलचं कारण सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, मी काहीतरी अचकटविचकट बोलले असावे तसे. मग हळूच म्हणाले, "तुला कवयित्री व्हायचं आहे ना?"

इथे मी "काढा ते वाक्य" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. खोलीवर आले, ती दोन पानं पुन्हा वाचली, मोठ्यानं वाचली, आणि मला ती आवडली. त्या पानांत मी कुणीतरी होते. वांगी तोडणाऱ्या बापाची कावीळ झालेली मुलगी नव्हते. मनात असंही आलं, की बाबा पेपरात बाजारभाव तेवढे वाचतात, प्रस्तावना कुठे वाचायला जातात. याची मला आज लाज वाटते, पण त्या दिवशी वाटली नाही. मी पानं प्रकाशकाला पाठवून दिली.

प्रकाशन कॉलेजच्या हॉलमध्ये ठेवलं, शनिवारी. आई आली नाही. शेतातल्या मोटारपंपाची लाईन, म्हणजे वीज, त्या आठवड्यात दिवसाची होती आणि वाफ्याला पाणी सोडायला कुणीतरी हवं होतं. बाबा आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि सोबत गावातले चार जण, काळीपिवळी जीप ठरवून. पोरीचं पुस्तक निघून राह्यलं म्हणून त्यांनी स्वतः घरोघर जाऊन बोलावलेली माणसं होती. पहिल्या रांगेत बसली.

सर दोन बटणं उघडी टाकून माईकवर उभे राहिले. चाळीस मिनिटं चिली झाली. मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि ती ओळ वाचली, कठोर पित्याची, वळांची. एकदा वाचून त्यांचं भागलं नाही, छातीवर तळवा ठेवून दुसऱ्यांदा वाचली. बाबांच्या बाजूला बसलेल्या माणसानं मान वळवून बाबांकडे पाहिलं. बाबा सरांकडेच पाहत होते, शाळेत बाई काही सांगत असल्या की पोरं पाहतात तसे.

आपल्याकडे अशा कार्यक्रमात आईवडिलांचा सत्कार असतोच. सूत्रसंचालकानं बाबांना वर बोलावलं, सरांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. हाच तो कठोर पिता हे सरांच्या डोक्यात आलंच नसेल असं मला तेव्हा वाटलं होतं. आलं होतं. त्यांनी स्वतः माईक बाबांच्या तोंडापुढे धरला. "दोन शब्द बोला."

बाबा कधी माईकवर बोललेले नव्हते. नारळ कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी पोटाशी धरला.

"मले बोलता येत नाई," ते म्हणाले. "सर शिकलेले आहेत. त्याईनं पुस्तकात लिवलं, म्हंजे मारलं असन मी. मले आता आठवत नाई. काम राह्यते वावरात, मानूस चिडते." मग माझ्याकडे वळले. "माहं चुकलं असन तं माफ कर पोरी."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. अशा टाळ्या माझ्या कवितांना कधी मिळाल्या नाहीत. सर माझ्याकडे वाकून कुजबुजले, "पाहिलंस? आखूड ओळ खोटं बोलत नाही."

पुढचं मनोगत माझं होतं. माझ्यापुढे माईक होता, वेळ होता, आणि बाबा समोर शाल पांघरून बसले होते. एक वाक्य पुरलं असतं. मी पर्समधून कागद काढला आणि लिहून आणलं होतं तेच वाचलं. त्यात सरांचे आभार तीन वेळा होते, बाबांचे एकदा.

सर आता निवृत्त आहेत. व्याख्यानांना जातात, आणि माझ्या बाबांची कबुली सिद्धांताचा पुरावा म्हणून सांगतात. कुठल्या तरी चर्चासत्रात त्यांनी तिला "हिंगणघाटची कबुली" असं नावही दिल्याचं ऐकलं. मला फोन आला होता, पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढा, तिच्यात ते घालू. वार बुधवार होता, त्यामुळे एवढंच म्हणाले, "आपले वडील वाईट नाहीत."

प्रकाशनाच्या त्या शनिवारी गावी परतताना आम्ही वाटेत जामच्या फाट्यावर चहाला थांबलो. चौघं टपरीच्या बाकावर बसले. बाबा मला बाजूला घेऊन गेले, रस्त्याच्या कडेला.

"एक इचारू का व?"

"विचारा ना बाबा."

"मी कवा मारलं तुले? हिंगनघाटपासून आठवून राह्यलो. एकडाव विळा घेऊन धावलो का काय, तेई आठवत नाई."

"नाही मारलं बाबा. कधीच नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खांदे खाली आले. "बरं झालं," म्हणाले. "मले वाटलं मीच इसरलो. म्हतारपनी होते मानसाचं." मग लगेच त्यांनी बाकाकडे पाहिलं. "हे त्याईले सांग. तूच सांग. माहं आता कोन ऐकते? मी तं माईकवर बोलून बसलो."

मी गेले. चौघांसमोर उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं, की ते सरांनी मनानं लिहिलंय, ते खोटं आहे, बाबांनी माझ्या अंगाला कधी हात लावला नाही, आणि मी ते तेव्हाच काढायला लावायला हवं होतं.

चौघांतल्या वयानं मोठ्या माणसानं कप खाली ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "गुनाची पोरगी आहे," तो बाकीच्यांना म्हणाला. "एवढा मार खाल्ला, तरी बापाले झाकून राह्यली." मग बाबांकडे वळून, अगदी मायेनं, "चाला गडी, बसा गाडीत. झालं गेलं. आमी काई गावात सांगत नाई." बाबांनी मान हलवली आणि ते पुढच्या सीटवर जाऊन बसले.